‘अनिर्णीत’ : खान्देशातील कुस्तीच्या इतिहासाविषयी

महाराष्ट्र केसरी किताबाच्या मानकऱ्यांची यादी अनेकांच्या पाहण्यात असेल. साल, स्थळ आणि मल्लाचे नाव असे तिचे तीन रकाने. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली उभ्या राहिलेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून हा किताब द्यायला सुरुवात केली आणि पहिला मान औरंगाबादच्या अधिवेशनात दिनकर दह्यारी यांना मिळाला. या यादीत खान्देशातली तीन गावे भेटतात. १९६२ : धुळे, भगवान मोरे. १९६६ : जळगाव, दीनानाथसिंह. १९७७ : चाळीसगाव, अनिर्णीत. म्हणजे या तीन अधिवेशनांपैकी एकापुढे नावच नाही.

आम्ही साहित्याचे अध्यापक. कोऱ्या जागेपाशी थांबण्याची सवय आम्हाला पाठभेदांनी लावली आहे. पोथीत एखादी ओवी गळालेली दिसली की ती कोणी गाळली, कशी गळाली, असे प्रश्न आपण विचारतोच. मग चाळीसगावपुढच्या या ‘अनिर्णीत’चे काय करायचे? त्या गावी मांडव पडले असतील, माती चाळली गेली असेल, जोड ठरले असतील, माणसे लोटली असतील. यादीला यातले काहीच दिसत नाही, कारण ती फक्त विजेत्याला ओळखते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : खान्देशातील कुस्तीचा इतिहास विजेत्यांच्या यादीतून लिहिता येणार नाही, तो कुस्त्या भरवणाऱ्यांच्या कागदांतून लिहावा लागेल, आणि ते कागद झपाट्याने नष्ट होत आहेत.

कुस्तीचा लिखित इतिहास जिथे आहे, तिथे तो दरबाराच्या आश्रयाने आलेला आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे प्रकरण आहे, ते राजाच्या करमणुकीचा एक भाग म्हणून. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधवले, ते १९१२ साली खुले झाले; तिथल्या कुस्त्यांना संस्थानच्या दप्तराचा आधार होता. बडोद्यात गायकवाडांच्या राज्यात प्रो. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर नावारूपाला आले आणि द. चिं. मुजुमदारांचा अनेक खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ही तिथेच सिद्ध झाला. खान्देशाला असे भाग्य लाभले नाही. १८१८ नंतर हा मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली गेला. कोल्हापूर-बडोद्यासारखा दरबार इथे नव्हता, त्यामुळे मल्लांचे वेतन आणि खुराक लिहून ठेवणारा कारकूनही नव्हता.

तरीही कुस्त्या होत राहिल्या. त्या ग्रामदैवताच्या यात्रेत होत, पाटील, व्यापारी आणि तालमीचे वस्ताद यांच्या आधाराने. शब्दांवरूनही हे ध्यानात येते. कोल्हापूरकडे ‘मैदान’, नगरकडे ‘हगामा’ आणि खान्देशात ‘दंगल’. त्यातही ‘आम दंगल’. दंगल हा शब्द फारसीतून आलेला, वस्ताद हा उस्तादाचा अवतार. मालेगाव, बऱ्हाणपूर, इंदूर यांच्याशी या मुलखाचा राबता होता, आणि ‘आम’ या विशेषणात कोणत्याही गावच्या, कोणत्याही जातीधर्माच्या गड्याला उतरण्याची मुभा अभिप्रेत आहे.

या दंगलीची रचना पाहिली तर तो एक पुरता व्यवसाय होता, असे म्हणावे लागते. यात्रेची पंच कमिटी वर्गणी गोळा करते. बारागाड्या आणि तमाशा यांच्या जोडीने कुस्त्यांचा दिवस मुक्रर होतो. सुरुवात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते आणि इनामाची रक्कम चढत चढत शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत पोहोचते. ऐन वेळी एखादा हौशी प्रेक्षक पदरचे पैसे लावून इनाम वाढवतो. नावाजलेला मल्ल कोणत्या गावची सुपारी घेईल, त्याच्यासमोर कोणाला उभे करावे, गर्दी शेवटपर्यंत कशी धरून ठेवावी, हे सारे ठरवणारी माणसे असतात. इंग्रजीत ज्याला प्रमोटर म्हणतात तो हाच. फक्त आपल्याकडे तो एक इसम नसून गाव असते, आणि नफ्याचा हिशेब देवाच्या नावावर लागतो.

शहरी धंदेवाईक कुस्तीशी तुलना केली तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. मुंबईत दारासिंग, किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल लढती तिकिटावर होत. १९६८ साली दारासिंगने मुंबईतच लू थेझला हरवले. ज्या १९६२ साली धुळ्यात महाराष्ट्र केसरी झाली, त्याच साली दारासिंगचा ‘किंग काँग’ हा चित्रपट आला. म्हणजे पडद्यावरचा पहिलवान, तिकिटाचा पहिलवान, परिषदेच्या वजनकाट्यावरचा पहिलवान आणि यात्रेतला पहिलवान असे चौघे एकाच काळात नांदत होते. पहिल्या तिघांच्या नोंदी वृत्तपत्रांत, जाहिरातींत आणि इतिवृत्तांत राहिल्या. चौथ्याची नोंद हलगीवाल्याच्या आणि निवेदकाच्या आवाजात राहिली, म्हणजे राहिलीच नाही. ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आज आपण राजकारणातल्या लुटुपुटीच्या भांडणाला सर्रास लावतो. पण यात्रेतला जाणता प्रेक्षक जोडीची मिलीभगत कशी ओळखत असे, पंच तेव्हा काय करीत, हे सांगू शकणारी पिढी आता थोडी उरली आहे.

मग साधने कोणती? पहिले साधन म्हणजे दंगलीचे हँडबिल. वर ग्रामदैवताचे नाव, खाली जोडी आणि इनामे, मग कमिटीची नावे आणि अगदी तळाशी छापखान्याचे नाव. या एका कागदातून पैशाचे मूल्य, गावागावांचे संबंध, पुढाकार घेणाऱ्या जाती आणि छपाईची भाषा इतके सगळे वाचता येते. सन छापलेला नसला तरी तिथी आणि वार असल्यास जंत्रीवरून साल शोधता येते. दुसरे साधन यात्रा कमिटीच्या वर्गणीच्या पावत्या व हिशेबवह्या. तिसरे, तालमींच्या भिंतींवरच्या तसबिरी. चौथे, वस्तादांच्या मुलाखती.

धुळ्याला हे सांगावे लागू नये. गावोगावची दप्तरे धुंडाळणारे राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. जळगावलाही सांगावे लागू नये. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या मुखातच राहिल्या असत्या. त्या उतरवल्या गेल्या, सोपानदेवांनी त्या अत्र्यांना दाखवल्या, म्हणून १९५२ साली संग्रह निघाला. आज विद्यापीठाला त्या कवयित्रीचे नाव आहे. जे बोलीत आहे, मातीत आहे, ते लिहून घेतले नाही तर जाते, हा धडा याच दोन गावांनी मराठीला दिला.

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरीचा मान मिळवला. दोनच वर्षांनी, २०१८ साली, एका मराठी वाहिनीने पुण्यात सहा संघांची व्यावसायिक कुस्ती दंगल भरवली. पुणे, सातारा, कोल्हापूर, मुंबई, मराठवाडा आणि विदर्भ असे संघ होते. खान्देशच्या नावाचा संघ नव्हता. शब्द आमचा घेतला, मुलूख राहिला. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात संघटनांतील फुटीमुळे फुलगाव आणि धाराशिव येथे दोन वेगवेगळे महाराष्ट्र केसरी जाहीर झाले. विजेत्यांची यादी किती भरवशाची, हे त्यावरून कळावे. २०२५ साली जामनेरात परदेशी मल्लांना बोलावून मोठ्या कुस्त्या झाल्या. त्यांच्या चित्रफिती तरी राहतील. शेजारच्या खेड्यातल्या यात्रेच्या दंगलीचे काय राहील, हे आपल्यावर आहे.

एम. ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या यात्रा कमिटीची एक वही, एक हँडबिल आणि एका वस्तादाची मुलाखत आणावी. वस्ताद ज्या शब्दांत बोलतील त्याच शब्दांत, अहिराणीत तर अहिराणीत, ती उतरवावी. जळगाव १९६६ आणि चाळीसगाव १९७७ या कुस्त्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे आधी जावे.