हवालदार गोपाळबाबा वलंगकर

पांढुर्णा व सौंसर हे तालुके १९५६ च्या प्रांतरचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि २०२३ साली छिंदवाड्यापासून निघून त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु तेथील घराघरांतली मराठी काही सरहद्द पाहून थांबली नाही. सौंसरच्या दक्षिणेस ही सरहद्द ओलांडली की नागपूर जिल्ह्यातील मोहपा हे गाव लागते. दलित चळवळीचे विदर्भातील आद्य कार्यकर्ते किसन फागोजी बनसोडे यांचा जन्म १८७९ साली ह्याच गावचा. बनसोड्यांनी १९१३ साली एक पत्र काढले व त्याला 'विटाळ विध्वंसक' असे नाव दिले. हे नाव ऐकताच जाणत्या वाचकाला विदर्भ सोडून थेट कोकणाच्या किनाऱ्याकडे वळावे लागते. कारण पंचवीस वर्षांपूर्वी, १८८८ मध्ये, 'विटाळ विध्वंसन' ह्या मथळ्याखाली एका पेन्शनर हवालदाराने आपली लेखणी उचलली होती. त्यांचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

गोपाळबाबांचा जन्म महाडजवळील रावढूळ ह्या गावी १८४० च्या सुमारास एका महार कुटुंबात झाला. तरुणपणी ते लष्करात शिरले आणि १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्या काळी महाराच्या मुलाला गावच्या शाळेची पायरी चढणे दुर्घट होते. लष्करात मात्र शिपायांना व त्यांच्या मुलांना अक्षरओळख करून देण्याची व्यवस्था असे. पलटणीने बंदूक दिली हे सर्वांना दिसते. तिने पाटीही दिली, हे सहसा कोणी सांगत नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, तेही ह्याच परंपरेतले.

निवृत्तीनंतर गोपाळबाबा दापोलीस राहिले. कॅम्प दापोली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गावी महार व चांभार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. पेन्शन ठरलेल्या वेळी येत असे, थोडेफार वाचता लिहिता येत असे, आणि हाताशी वेळ होता. अशा स्थितीत बहुतेक माणसे पलटणीच्या आठवणी सांगत ओट्यावर बसतात. गोपाळबाबांनी जोतीराव फुल्यांचे विचार आत्मसात केले, धर्मग्रंथ वाचून काढले, आणि 'दीनबंधु' व 'सुधारक' ह्या पत्रांतून लिहावयास प्रारंभ केला. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांनी पद्ये रचली. सवर्णांना उद्देशून त्यांनी जे लिहिले ते प्रश्नांच्या रूपाने. फिर्याद ऐकून सोडून देता येते. प्रश्न मात्र उत्तराची वाट पाहत उभा राहतो, हे ह्या हवालदाराने चांगले ओळखले होते. १८९० साली त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' ही संस्था स्थापन केली. पुढील दहा वर्षे ह्याच कामी गेली, आणि त्यासाठी वेतन देणारे कोणी नव्हते.

दापोलीतील झगडा प्रथम शाळेवरून झाला. ज्यांनी सरकारची चाकरी केली त्यांच्याच मुलांना तेथील शाळेत इतरांबरोबर बसू देत नसत. त्यांची जागा बाहेरच्या ओट्यावर. गुरुजी आत शिकविणार, आणि विद्यार्थ्याने उंबऱ्याबाहेरून कान द्यावयाचा! पेन्शनरांनी अर्जविनंत्या केल्या व हा प्रश्न सरकारदरबारी नेला. लष्करात कागद कसा लिहावा, कोणाकडे धाडावा, उत्तर न आल्यास पुन्हा कसे लिहावे, हे शिपाईगडी शिकून आला होता. ती विद्या येथे उपयोगी पडली.

इतक्यात त्याहून मोठा घाव बसला. लॉर्ड रॉबर्ट्स हे सरसेनापती असताना हिंदुस्थानातील काही जातीच तेवढ्या 'लढाऊ', बाकीच्या नव्हेत, हे मत लष्करात बळावले, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. भरती बंद झाली ह्याचा अर्थ केवळ नोकरी गेली असा नव्हे. पलटणीतील शाळा गेली, पुढच्या पिढीची पेन्शन गेली, आणि गावच्या महारकीबाहेर पडण्याची जी एक रुंद वाट होती तीच बुजली.

१८९४ मध्ये गोपाळबाबांनी सेनापतींना उद्देशून एक अर्ज तयार केला, आणि येथे इतिहास हे त्यांचे साधन झाले. ज्यांना तुम्ही हीन म्हणता ते मूळचे ह्या भूमीचे क्षत्रिय होत, त्यांची अवनती मागाहून लादली गेली, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. हा युक्तिवाद आज इतिहासाच्या कसोटीवर जसाच्या तसा टिकत नाही. आर्य व अनार्य ह्यांच्या झगड्यातून साऱ्या जाती निघाल्या असे फुल्यांच्या काळी मानणे स्वाभाविक होते. अलीकडील संशोधक तितके सरळ चित्र काढीत नाहीत. शिवाय आपणही पूर्वी क्षत्रिय होतो असे म्हणण्यात उच्चनीचतेची शिडी तशीच ठेवून तिच्यावरील आपली पायरी तेवढी बदलून मागण्याचा धोका असतो.

परंतु पुरावा दुसराही होता, आणि तो दगडात कोरलेला होता. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे कंपनीच्या ज्या पलटणीने पेशव्यांच्या फौजेशी झुंज दिली, तिच्या मृतांची नावे तेथील स्तंभावर आहेत; त्यांतील बावीस नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय येतो, आणि तो महारांच्या नावांचा आहे. कोणाच्या बाजूने लढले ह्याविषयी मतभेद करावेत. लढले की नाही ह्याविषयी करता येणार नाहीत. ज्या सरकारने तो स्तंभ उभारला त्याच सरकारने पाऊणशे वर्षांच्या आत ही जात लढाऊ नव्हे असे ठरवावे, ह्याला विस्मरण म्हणावे की सोय, हे वाचकांनीच ठरवावे.

बंदी उठली नाही. १८९५ साली मात्र गोपाळबाबांची नेमणूक महाड तालुका लोकल बोर्डावर झाली. एक महार आपल्या बरोबरीने बसणार म्हणून उच्चवर्णीय सभासद अस्वस्थ झाले आणि वृत्तपत्रांतून त्यावर वाद माजला. ज्यांच्या मुलांना ओट्यावर बसवीत, त्यांच्यातला हा वृद्ध शिपाई खुर्चीवर येऊन बसला होता. १९०० साली रावढूळ येथे त्यांचे देहावसान झाले.

भरतीचे मागणे त्यांच्यामागे थांबले नाही. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली तेच गाऱ्हाणे विलायत सरकारपुढे मांडले. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली, आणि निकड संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी आले ते गोपाळबाबांच्याच महाडास. तेथील परिषदेच्या भाषणात त्यांनी बंद झालेल्या लष्करभरतीचा प्रश्न काढला. दापोलीच्या त्या जुन्या वस्तीचे स्मरण केले, आणि पेन्शनरांनी समाजाच्या कामास लागावे अशी अपेक्षा व्यक्त केली.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी उभी राहिली ती कामठीस, सौंसरकडून नागपूरला येणाऱ्या माणसाला एका दिवसात सहज गाठता येईल अशा छावणीत.