कुराणातला कांदा आणि हंसपतरायचं पाणी

आमच्या लालबागच्या चाळीतल्या एका मित्रानं मला दुबईच्या कुराण पार्कचं रील पाठवलं. २०१९ साली उघडलेली बाग, कुराणात नाव असलेली झाडं लावून सजवलेली. खाली त्याचा प्रश्न : ‘आपल्याकडे असं शिकवणारं पार्क का नाही रे?’

कुराणातली नावं बघितली तर डाळिंब, अंजीर, आलं, मसूर, लसूण आणि चक्क कांदा! म्हणजे आपल्या दादरची मंडईच की. ही झाडं लावायला दुबईची गरज नाही.

पण बागेची गोष्ट सांगायची तर दादरला सकाळची तपोवन पकडायची. लासलगाव मागे टाकत दुपारी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनं औरंगाबाद. तिथला बीबी का मकबरा, औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर. शाळेच्या सहलीत आम्ही ‘गरिबांचा ताजमहाल’ म्हणून हसलो, फोटो काढले, डबे खाल्ले, निघालो. (नोंदलेला खर्च ६ लाख ६८ हजार रुपये. सतराव्या शतकातले हं! गरीब कसले?)

मागच्या महिन्यात परत गेलो तेव्हा मुख्य दरवाजाकडे नीट लक्ष दिलं. त्यावर दोन नावं कोरलीत : वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. समोर पसरलेली चारबाग, पाण्याच्या पाटांनी चार भागांत वाटलेली. कुराणातल्या स्वर्गात पाणी, दूध, मद्य आणि मधाच्या नद्या आहेत. मुघल चारबागेचा अर्थ लावताना अनेक जण त्यांच्याशी जोडतात. गंमत म्हणजे असा आराखडा इस्लामच्याही आधीचा, इराणचा.

आणि पाणी? या शहराला ते मलिक अंबरनं शिकवलं. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१०च्या दशकात त्यानं जमिनीखालून नहर आणली. पुढे पाणचक्कीत मातीच्या नळांतून लांबून आलेल्या पाण्यावर जातं फिरलं, दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ निघालं.

आज नहरीचा बराच भाग बांधकामांखाली गेलाय. म्हणून ‘थीम पार्क’ म्हटलं की मला भीती वाटते : सिमेंटचे घुमट, प्लास्टिकचं खजुराचं झाड, तिकीट खिडकी. त्याच पैशात नहरीचा एक तुकडा मोकळा करा, तिथं मराठी-उर्दू पाट्या लावा, चारबागेत डाळिंब-अंजीर लावा. पोरांना पाणी चढताना बघू द्या.

मित्राला उत्तर म्हणून मी त्या दरवाजाचा फोटो पाठवला. लगेच मेसेज आला : ‘हंसपतराय कोण?’