शेवटच्या घरापर्यंतची वीज

गोव्यातील सर्व गावांत वीज पोचली, हे वाक्य आपण कित्येक वर्षे वाचत आलो. ते खोटे नव्हते. प्रश्न होता तो ‘गावात वीज’ म्हणजे काय याचा. १९९७ सालापर्यंत देशभर असा नियम होता, की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत. शेतात एक पंप चालला तरी पुरे. २००४ साली नवी व्याख्या आली. तीत शाळा, पंचायत यांसारख्या सार्वजनिक जागी वीज हवी आणि निदान १० टक्के घरांत तरी हवी, असे ठरले. म्हणजे शंभरातील नव्वद घरांत चिमणी जळत असली, तरी कागदावर गाव उजळलेले! गोव्याची स्थिती इतकी वाईट नव्हती. पण गाव मोजायचे आणि घर विसरायचे, ही सवय आपल्यालाही होतीच.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. जुन्या काबिजादीतल्या शहरांना ज्या सोयी आधी मिळाल्या, त्या इकडे उशिरा आल्या. पोर्तुगीज अमदानीत विजेचे दिवे होते ते पणजी-मडगावसारख्या मोजक्या ठिकाणी. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हाताखाली वीज खाते सुरू झाले. पुढे कर्नाटकातील आंबेवाडीहून फोंड्यापर्यंत ११० केव्हीची वाहिनी आली. त्यानंतर खांब गावोगाव चालू लागले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिला बल्ब लागल्याचा दिवस वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल.

खांब रस्त्याने जातात. घरे मात्र रस्ता पाहून बांधलेली नसतात. काजूच्या बागेत राखणीला राहिलेले कुटुंब, डोंगराच्या कुशीतले कुळागर, गवळी-धनगरांचा दोन-चार घरांचा वाडा, ही सगळी वस्ती पाणी आणि चारा पाहून वसलेली. अशा एका घरासाठी एक किलोमीटर वाहिनी न्यायची तर सुमारे वीस खांब लागतात. एवढ्या लांब घरगुती दाबाने वीज नेली तर टोकाला दिवा मिणमिणतो, म्हणून ११ केव्हीची वाहिनी आणि स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर हवा. वाटेत वनजमीन असली तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी. खाजगी भाट असले तर मालकाची ना-हरकत. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने घरातून काढता येत नाही, पण त्याच्यासाठी शेजारच्या भाटातून खांब न्यायला शेजारी तयार हवा ना! एवढे करून तारा ओढल्या, तरी पहिल्या पावसात फांदी पडते आणि लाइनमन दिवसभर जंगल तुडवत बसतो. खर्चापेक्षाही ही देखभालच अवघड. हे मी खात्याच्या बाजूने बोलतो आहे असे वाटेल, पण खांबावर चढणारा माणूसही कुणाच्या तरी घरचाच असतो.

गंमत अशी, की तिळारीहून डिचोलीतल्या आमोण्याला २२० केव्हीची मोठी वाहिनी येते. तिच्याखालच्या रानातल्या घराला त्या विजेचा काही उपयोग नाही. उपकेंद्रात दाब उतरवल्याशिवाय तिच्यातून एक दिवासुद्धा लावता येत नाही.

या घरांसाठी दुसरी वाट तेलसंकटानंतर दिसू लागली. १९८१ मध्ये केंद्राने अपारंपरिक ऊर्जेसाठी आयोग नेमला, १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग झाला. सौर कंदील आले. पण तेव्हाचे दिवे वीज फार खात आणि बॅटरी लवकर मरे. अडगळीत पडलेले असे कंदील अनेकांनी पाहिले असतील. २००३ च्या वीज कायद्याने ग्रामीण भागासाठी वाहिनीशी न जोडलेल्या यंत्रणांना धोरणात जागा दिली. मात्र खरा फरक एलईडीने केला. साठ वॅटच्या बल्बचे काम आठ-नऊ वॅटवर आले, आणि छपरावरचा लहानसा पॅनेल घराला पुरू लागला.

२०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा पॅनेल, बॅटरी, पाच दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल असा संच ठरला. गोव्यात जानेवारी २०२१ मध्ये नवीन व नवीकरणीय ऊर्जा खात्याने कन्व्हर्जन्स एनर्जी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीशी करार केला. पुढे गोवा एनर्जी डेव्हलपमेंट एजन्सीच्या, म्हणजे गेडाच्या, मार्फत वाहिनी न पोचलेल्या घरांवर सौर संच बसवण्याचे काम हाती घेतले गेले.

हिशेब साधा आहे. दोनशे वॅटचा पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला पाऊण ते एक युनिट देतो. दिवे, पंखा, मोबाइल यांत निम्मे संपते, उरलेले ढगाळ दिवसासाठी. मिक्सर मात्र चालत नाही. खोबऱ्याचे वाटप पाट्यावरच! संच बसवताना घरातल्या बाईचा पहिला प्रश्न नेमका हाच असतो, आणि योजना आखणाऱ्यांनी तो ऐकायला हवा होता असे मला वाटते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकतो, शिशाची बॅटरी चार-पाच वर्षे. देखभालीची पाच वर्षे संपतात त्याच सुमारास ती दगा देते. नव्या बॅटरीचा खर्च मजुरीवर जगणाऱ्या घराला झेपत नाही. बॅटरी कधी बसवली याची नोंद पंचायतीत राहावी आणि बदलीचे पैसे योजनेतच बाजूला काढावेत. नाहीतर आणखी काही वर्षांनी पॅनेल छपरावर असेल आणि खाली पुन्हा चिमणी.

आणि चवथ. ती नेमकी पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांत येते. अशा घरांतली माणसे दोन दिवस आधीपासून पंखा बंद ठेवतात, मोबाइल बाजारात चार्ज करून आणतात, आणि वाचवलेली वीज माटोळीखालच्या दिव्याला देतात. आरतीला घुमट वाजू लागते तेव्हा बॅटरीत किती उरले आहे, हे घरच्या पोराला बरोबर ठाऊक असते.