नगरच्या किल्ल्यातली दमास्कसची म्हातारी

मुलांना आमचा भुईकोट दाखवायला नेतो तेव्हा चाँदबीबी आणि पंडित नेहरू ही नावं त्यांना पाठ असतात. मला घाई असते ती मौलाना आझादांबद्दल सांगायची.

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेले काँग्रेसचे पुढारी या किल्ल्यात आणून ठेवले. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. ते पहाटेच उठत, स्वतःच्या हातानं चिनी चहा करत आणि आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उर्दूत पत्रं लिहीत. पत्रं धाडायची मुभा नव्हती. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आली.

त्यातलं डिसेंबर १९४२ चं एक पत्र माझं फार आवडतं. त्यात मौलाना झ्वँव्हील या फ्रेंच सरदाराच्या आठवणी काढून बसतात. नवव्या लुई राजाबरोबर हा सरदार १२४८ मध्ये धर्मयुद्धावर निघाला आणि म्हातारपणी, १३०९ च्या सुमारास, त्यानं राजाचं चरित्र पुरं केलं. त्यात एक गोष्ट आहे. राजाच्या वकिलांबरोबर दमास्कसला गेलेल्या, अरबी जाणणाऱ्या एका साधूला रस्त्यात एक म्हातारी दिसली. एका हातात विस्तव, दुसऱ्या हातात पाणी. हे कशाला, असं त्यानं विचारलं. विस्तवानं स्वर्ग जाळायचा आणि पाण्यानं नरक विझवायचा, म्हणजे लोक लोभानं किंवा भीतीनं चांगलं वागणार नाहीत. केवळ ईश्वरावरच्या प्रेमानं वागतील, असं तिचं उत्तर.

मौलानांनी ही गोष्ट लगेच ओळखली. ती आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या राबियाची. मुसलमानांशी लढायला आलेल्या सरदाराच्या फ्रेंच ग्रंथात एका मुसलमान संत स्त्रीची शिकवण आदरानं जपली गेली, यानं मला आजही भरून येतं.

पण मौलाना तिथं थांबत नाहीत. झ्वँव्हीलनंच लिहिलंय की शत्रूचे अग्निगोळे पडू लागले की लुई राजा अंथरुणात उठून बसे आणि रडत प्रार्थना करी. पाचशे वर्षांनी पारडं फिरलं. नेपोलियन इजिप्तवर आला तेव्हा तिथल्या उलेमांनी तोफांवर उपाय म्हणून धर्मग्रंथाचं पठण सुचवलं. प्रार्थनेचा उपयोग हिंमत धरणाऱ्यालाच होतो, असं मौलाना बजावतात. धर्मनिष्ठ माणसानं हे तुरुंगात बसून लिहावं, याचं मोल मला मोठं वाटतं.

पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी झुलेखाबेगम कलकत्त्यात अत्यवस्थ झाल्या. सरकारकडे काही मागणं असेल तर पोचवतो, असं तुरुंगाधिकाऱ्यानं सांगितलं. मौलानांनी काही मागितलं नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. वरवरची शांतता हे आपण उभं केलेलं सोंग होतं, असं मौलानांनी त्या वेळच्या पत्रात स्वतःच लिहिलंय. किल्ल्याच्या आवारातल्या एका अनोळखी जुन्या कबरीशी तेव्हापासून जवळीक वाटू लागली, असंही.

या निग्रहाची अर्धी किंमत दूर कलकत्त्यात एका बाईनं चुकवली, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. आणि त्या बाईला बिचारी समजू नका, हेही. १९२२ मध्ये मौलानांना एक वर्षाची शिक्षा झाली तेव्हा याच झुलेखाबेगमनी गांधीजींना कळवलं होतं, की शिक्षा अपेक्षेपेक्षा फारच कमी आहे आणि त्यांचं बंगालमधलं काम आता मी सांभाळीन.