रंगीत मुठींची भांडी : आरंभीच्या प्लॅस्टिकचा संग्राह्य वारसा

स्वयंपाकघरातील जुनी उलथणी, झारे, सुऱ्या आणि अंडी फेटण्याची यंत्रे आज अमेरिकेत संग्राहकांच्या आवडीचा विषय झाली आहेत. त्यांचे मोल पात्यापेक्षा मुठीत अधिक असते. लाल, हिरव्या किंवा मधासारख्या पिवळ्या रंगाच्या या मुठी प्रामुख्याने १९३० च्या दशकातील असून, त्या फिनॉलिक रेझिन या आरंभीच्या प्लॅस्टिकपासून बनलेल्या आहेत.

या प्लॅस्टिकचा उगम बेल्जियममध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांच्या संशोधनात आहे. १९०७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील यॉन्कर्स येथे त्यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या संयोगातून बॅकेलाइट तयार केले. एकदा घट्ट झाल्यावर ते उष्णतेने पुन्हा वितळत नाही आणि विजेला रोधते. मात्र बळकटीसाठी त्यात लाकडाचा भुसा किंवा तत्सम भर घालावी लागे, त्यामुळे रंग काळा, तपकिरी असा गडदच राही. आपल्याकडील जुनी विजेची बटणे आणि प्रेशर कुकरच्या काळ्या मुठी याच कुळातील आहेत.

१९२७ मध्ये बेकलंड यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि इतरांना वाट मोकळी झाली. अमेरिकन कॅटलिन कॉर्पोरेशनने भर न घालता, पातळ रेझिन शिशाच्या साच्यांत ओतून भट्टीत कित्येक दिवस पक्के करण्याची पद्धत वापरली. ते अर्धपारदर्शक असल्याने त्यात तेजस्वी रंग मिसळता येत. नंतर कांड्या कापून, कातून व घासून मुठी घडवल्या जात. वॉशबर्न कंपनीच्या ‘अँड्रॉक’ या नाममुद्रेच्या भांड्यांतील बंदुकीच्या गोळीसारख्या आकाराच्या मुठी संग्राहकांत ‘बुलेट’ म्हणून ओळखल्या जातात.

हाताने करावयाच्या या कामामुळे उत्पादन खर्चिक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर साच्यात झटपट दाबून भरता येणारी स्वस्त प्लॅस्टिके आली आणि कॅटलिनच्या मुठी मागे पडल्या.

आज दिसणारा रंग मूळचाच असेल, असे नाही. हवा आणि प्रकाशामुळे कॅटलिनचा पृष्ठभाग पिवळसर होतो. त्यामुळे पांढरी मूठ लोण्यासारखी वा मधासारखी, तर निळी हिरवट दिसू लागते. पॉलिशने हा थर निघून खालचा रंग उघडा पडतो. परंतु काढलेला थर परत आणता येत नाही. म्हणून पॉलिश करावे की वयाची खूण जपावी, याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

नकली वस्तूही बाजारात असल्याने पारख महत्त्वाची ठरते. ओतून घडवलेल्या मुठीवर सहसा साच्याच्या जोडाची रेघ नसते आणि ती हाताला जड लागते. गरम पाण्याखाली क्षणभर धरल्यास कार्बोलिकसारखा उग्र वास येतो. सिमिक्रोम हे धातूचे पॉलिश कापसाने चोळल्यास कापूस पिवळा होतो. मात्र लाखेचा थर दिलेल्या किंवा नुकत्याच घासलेल्या वस्तूंवर ही कसोटी फसू शकते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा उपाय टाळावा. त्याने वस्तूवर डाग पडतो आणि ती सेल्युलॉइडची निघाल्यास पेट घेण्याचा धोका असतो.

अशी भांडी पाण्यात भिजत ठेवू नयेत किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नयेत. उष्णतेने मुठीची चकाकी जाते, बारीक भेगा पडतात. आत शिरलेल्या पाण्याने पोलाद गंजते. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करणे आणि उन्हापासून दूर ठेवणे पुरेसे असते. जुन्या गडद बॅकेलाइटमध्ये काही वेळा ॲस्बेस्टॉसची भर असे, म्हणून तुटलेली मूठ घरी कानशीने घासू नये किंवा तिला भोक पाडू नये.

संग्रहाची सुरुवात करताना मूठ घट्ट बसलेली, भेगारहित आणि पाते गंजमुक्त आहे ना, एवढे पाहावे. एकाच रंगाचा किंवा एकाच प्रकारच्या भांड्यांचा ध्यास धरल्यास लहानसा संग्रहही अर्थपूर्ण होतो.