शिकलगारांचा तंबोरा

आमची तरुण मुले उपासनेत विद्युत गिटार वाजवितात. तिचे अंग भरीव लाकडाचे. मिरजेचा तंबोरा मात्र पोकळ भोपळ्यातून बोलतो. तेथील फरीदसाहेब मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. इंग्रजी अमलात ते काम ओसरले आणि १८५०च्या सुमारास तेच कसबी हात वाद्यांकडे वळले. पोटासाठीच, हे खरे; तरी तलवारींचे नांगर पाहणारा यशया संदेष्टा आम्हांस आठवतो. पंढरपूरकडचा भोपळा वाळवायचा, घोडी घासून जवारी लावायची, परीक्षा कानाचीच. २०२४ साली या तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेस साजेशा इतर वाद्यांनाही मुभा दिली होती. आमच्याकडे गिटार आली. तंबोऱ्याला बोलावणे अजून क्वचितच जाते.