मराठवाड्याची भाकरी आणि पिठाची मळणी

मराठी भाषेंत गव्हाच्या पिठाला 'कणीक' असें स्वतंत्र नांव आहे. ज्वारीच्या पिठाला तसें नांव नाहीं. तें कोरडें असतांना पीठ आणि भिजल्यावरही पीठच. क्रियापदेंही निराळीं आहेत. कणीक तिंबतात, भाकरीचें पीठ मळतात. कणीक तिंबून झांकून ठेवावी, मुरूं द्यावी. भाकरीचें पीठ मळलें कीं लगेच थापावें. नांदेड-लातूरकडील घरांत वाढलेल्या मुलीला हा भेद कोणी समजावून सांगत नसे. परातीपाशीं बसून तो तिला आपोआप कळे. परंतु या साध्या भेदामागें दोन धान्यांच्या प्रकृतींतील मोठें अंतर आहे, आणि त्या अंतरावर दख्खनच्या स्त्रियांनीं शोधून काढलेला उपाय हा मराठवाड्याच्या इतिहासाचाच एक भाग आहे. राजे, लढाया आणि तहनामे यांच्या इतिहासांत तो सांपडत नाहीं, एवढेंच.

गव्हाच्या पिठांत पाणी घालून तें तिंबलें असतां त्यांतील दोन प्रथिनें एकमेकांत गुंतून एक लवचिक जाळें तयार होतें. इटलींतील बोलोन्या येथील बेक्कारी नांवाच्या विद्वानानें १७२८ सालीं गव्हाचें पीठ पाण्यांत धुऊन हा चिकट भाग वेगळा करून दाखविला, आणि १७४५ मध्यें त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. युरोपांत ही गोष्ट शोध म्हणून नोंदली गेली. इकडे कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून, चीक काढणाऱ्या बाईच्या हातीं दर उन्हाळ्यांत जो चिवट चोथा उरतो, त्यांत हीच वस्तु असते. शास्त्रांत तिला ग्लुटेन म्हणतात. पोळी पातळ लाटली तरी फाटत नाहीं, पावांत हवेचे बुडबुडे कोंडून राहतात, तें या ग्लुटेनमुळें. कणीक तिंबली म्हणजे हें जाळें एकसारखें होतें, आणि थोडा वेळ मुरल्यावर त्याचा ताण सैल पडून ती लाटण्यास सोपी जाते.

ज्वारींत प्रथिनें नाहींत असें नाहीं. परंतु तीं सूक्ष्म गोळ्यांत बंदिस्त असतात, पाण्याशीं त्यांचें सख्य नसतें, आणि कितीही मळलें तरी त्यांचें गव्हासारखें जाळें विणलें जात नाहीं. तेव्हां जें काम प्रथिनांकडून होत नाहीं तें पिष्टाकडून करून घेणें हाच मार्ग उरतो. ज्वारींतील पिष्ट सुमारें ७० अंश सेंटिग्रेडच्या आसपास पाणी शोषून फुगतें व खळीसारखें चिकट होतें. पिठांत कढत पाणी ओतलें कीं त्याचा कांहीं भाग शिजून ही खळ तयार होते आणि ती उरलेल्या कणांना बांधून धरते. ताज्या दळणाचें, चांगल्या ज्वारीचें पीठ असेल तर सराईत हात कोमट पाण्यावरही निभावून नेतो. परंतु इतरांना आधणाचाच आधार घ्यावा लागतो. गव्हाचें पीठ हाताच्या बळानें एकजीव होतें, ज्वारीचें आधी आधणाच्या बळानें. हात मागाहून येतो.

मागाहून येणारा हा हात मात्र कुशल लागतो. परातींत किंवा लांकडी काठवटींत पिठाचें आळें करून त्यांत कढत पाणी ओततात, उलथन्यानें कालवतात आणि हाताला सोसेल इतकें निवल्यावर मळावयास घेतात. मळणी बोटांनीं होत नाहीं. तळहाताच्या मनगटाकडील भागानें पीठ पुढें रगडीत न्यावयाचें, पुन्हा गोळा करावयाचें, पुन्हा रगडावयाचें. पाण्याचें नेमकें माप सांगतां येत नाहीं. साधारणपणें पिठाच्या एका मापास पाऊण ते एक माप पाणी लागतें. पण धान्य नवें कीं जुनें, दळण बारीक कीं भरड, हवा कोरडी कीं पावसाळी, यावर तें बदलतें. म्हणून खूण हाताचीच. गोळा दाबला असतां कडेला चिरा पडल्या, तर पाणी कमी किंवा मळणी अपुरी. बोटांना चिकटून तो सैल पडूं लागला, तर पाणी जास्त. कडा सलग राहिली आणि गोळा हाताला गुळगुळीत लागला म्हणजे पीठ थापण्यास योग्य झालें. उकड एकदम काढली तरी मळणी एका वेळीं एका भाकरीपुरतीच, फार तर दोहोंपुरती. कारण मळून ठेवलेला गोळा निवतांना कोरडा पडून चिरतो. तव्यावर टाकलेल्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरवितात, ती उलटतात, शेकतात, आणि आंतील वाफेनें पापुद्रा सुटून ती फुगते. मळणी कच्ची राहिली असेल तर वाफ चिरेंतून निघून जाते. फुगलेली भाकरी हें मळणीचें प्रमाणपत्रच होय.

हें धान्य मूळचें दख्खनचें नव्हे. ज्वारीची लागवड प्रथम आफ्रिकेंत, आजच्या पूर्व सुदानच्या प्रदेशांत, पांच हजार वर्षांपूर्वीं होत होती, असें तेथील उत्खननांत मिळालेल्या खापरांवरील दाण्यांच्या ठशांवरून दिसतें. भारतांत ती त्यानंतर आली. सुदानांत ज्वारीचें पातळ पीठ आंबवून तें तापलेल्या तव्यावर पसरतात व त्या पातळ पोळीस किस्रा म्हणतात. आफ्रिकेंत इतरत्र तिचा घट्ट घाटा शिजवितात. ग्लुटेन नसलेल्या धान्यावर आंबविणें आणि शिजविणें हे दोन उपाय तेथें रूढ झाले. मराठवाड्यासही ते परके नाहींत. आंबील आणि कण्या हीं त्यांचींच रूपें आहेत. परंतु उकडून, मळून, थापून कोरडी भाकरी करण्याचा तिसरा उपाय दख्खननें विशेष जोपासला. त्याचा लाभ उघड होता. आंबील वा घाटा फडक्यांत बांधून नेतां येत नाहीं. भाकरी शेतावर, वाटेवर, स्वारींत कोठेंही नेतां येते.

या प्रदेशाला लिखित इतिहास कमी नाहीं. राष्ट्रकूट राजे 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हें बिरुद मिरवीत. तें लट्टलूर म्हणजेच लातूर असें बहुतेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यांतील कंधार हें त्यांचें एक महत्त्वाचें नगर होतें. पुढें कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य आलें. त्यांची राजधानी, आजचें बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सरहद्दीपासून फार दूर नाहीं. त्या घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या अन्नभोग प्रकरणांत मांड्यांची कृति आहे. गहूं धुऊन, वाळवून, दळावे; पीठ चाळून तूप व मीठ घालून मळावें; गोळे हातानें पसरून मोठे करावे आणि खापरावर भाजावे. ज्या जाळ्याला सहा शतकांनंतर युरोपांत शोधाचा मान मिळाला, त्याचा पुरेपूर उपयोग या मांड्यांत केलेला आहे. राजाच्या ताटांतील पदार्थाला असा ग्रंथ लाभला. ज्या रयतेच्या सारावर तें ताट भरलें जाई, तिच्या भाकरीची मळणी मात्र आईच्या हातून मुलीच्या हातीं अशीच पुढें सरकत राहिली.

नांदेडास या दोन परंपरा शेजारीं शेजारीं दिसतात. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं येथें गोदातीरीं देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयानें १८३२ ते १८३७ या काळांत सचखंड हुजूर साहिबची इमारत उभी राहिली. पंजाबकडून येणाऱ्या भाविकांबरोबर लंगरची पद्धति आणि गव्हाची रोटी येथें रुजली. लंगरांत कणीक मोठ्या प्रमाणावर एकदम तिंबतां येते, झांकून ठेवतां येते, आणि अनेक हात एका रांगेंत बसून रोट्या लाटूं शकतात. भाकरीचें तसें होत नाहीं; प्रत्येक भाकरीमागें एक मळणी ठरलेली. घरांत दहा माणसें असलीं म्हणजे चुलीपुढें बसलेल्या बाईला वीस-पंचवीस वेळां गोळा रगडावा लागे, हें या कौशल्याच्या गौरवांत विसरून चालणार नाहीं.

या श्रमांत दळणाचे श्रमही मिळविले पाहिजेत. ज्वारीचें पीठ फार दिवस टिकत नाहीं. त्यांतील स्निग्धांश खवटतो आणि पिठाची विरी जाते, म्हणजे त्याचा चिवटपणा नाहींसा होऊन तें थापतांना तुटतें. म्हणून पहांटे जात्यावर लागेल तेवढेंच दळण्याची चाल होती. त्या वेळीं गाइलेल्या ओव्यांना उशिरां का होईना संग्राहक भेटले. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांनीं ग्रामीण महाराष्ट्रांतील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. जात्याचे श्रम असे गाण्यांत उतरले. परातीपुढें, तव्यावरील भाकरीकडे डोळा ठेवून बसलेल्या बाईला गाण्याची उसंत कोठून मिळणार? पुढें पिठाची गिरणी आली आणि जातें बंद पडलें. मळणी मात्र घरांतच राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या मळणीची कसोटी लागली. १९६४ सालीं सीएसएच-१ हें ज्वारीचें संकरित वाण प्रसारित झालें. उत्पन्न वाढलें यांत शंका नाहीं, आणि भुकेल्या देशाला त्याची गरज होती. परंतु ही खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळीं पावसांत सांपडली कीं दाणा काळा पडे, आणि तिची भाकरी घरांत कोणास आवडत नसे. रब्बीच्या मालदांडीचा मान कायम राहिला. मग १९७२ चा दुष्काळ आला. रेशनच्या दुकानांत अमेरिकेंतून आलेली तांबडी 'मिलो' ज्वारी मिळूं लागली. तिकडे ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठीं पिकविली जाई. भाकरीसाठीं तिचा दाणा कोणी निवडलेला नव्हता. तरी दुष्काळी कामांवरून परतलेल्या असंख्य स्त्रियांनीं तिच्याच भाकरी थापल्या. त्या पिढीच्या तोंडीं मिलोचें नांव राहिलें, तें चवीसाठीं नव्हे.

त्याच १९७२ सालीं परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ आणि हैदराबादजवळ पटनचेरू येथें इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. पीक केवळ क्विंटलांनीं मोजून भागत नाहीं, तें परातींतही उतरलें पाहिजे, हें संशोधकांच्या ध्यानीं येऊं लागलें होतें. १९८१ च्या ऑक्टोबरांत पटनचेरूस ज्वारीच्या गुणवत्तेवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. पीठ किती पाणी घेतें, मळतांना कितपत सांधून राहतें, भाकरी किती वेळ मऊ राहते, हे प्रश्न आतां शास्त्राचे झाले. ज्या परीक्षा खेड्यांतील बाई दररोज चुलीपुढें घेत असे, त्याच प्रयोगशाळेंत घेतल्या जाऊं लागल्या. पुढें परभणीच्या विद्यापीठाकडून 'परभणी मोती'सारखीं वाणें मिळालीं, आणि २०१८ सालीं लोह व जस्त यांचें प्रमाण अधिक असलेलें 'परभणी शक्ती' हें वाण आलें.

तथापि ज्वारीचें क्षेत्र घटत गेलें. लातूर-नांदेडच्या खरिपांत सोयाबीननें तिची जागा घेतली. रेशनवर गहूं स्वस्त मिळूं लागला. नोकरदार घरांत पोळीचा डबा सोयीचा ठरला. पूर्वीं गहूं सणाचा आणि ज्वारी रोजची होती. आतां अनेक शहरी घरांत तें उलट झालें आहे. २०२३ हें आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलें गेलें आणि ज्वारीचे गुण पुन्हा सांगितले जाऊं लागले. परंतु धान्य विकत मिळतें, पीठही मिळतें. मळण्याचें ज्ञान पुडींत बांधून येत नाहीं. जुन्या पिठावर गार पाणी ओतून केलेली पहिली भाकरी मोडली म्हणजे नवशिका दोष आपल्या हाताला देतो. वस्तुतः पुष्कळदां दोष विरी गेलेल्या पिठाचा आणि न घेतलेल्या आधणाचा असतो. हें सांगणारें घरांत कोणी उरलें नाहीं, तर दुसरी भाकरी थापली जात नाहीं.

मार्गशीर्ष अमावास्येस लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्या, लोकांच्या बोलींत येळवस, साजरी होते. रब्बीच्या उभ्या पिकांत सारें घर जेवावयास जातें. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे आणि भाकरी हें त्या दिवशींचें अन्न. आंबविणें, उकडणें आणि मळून थापणें, हे तिन्ही उपाय तेथें एका पंक्तीस येतात. हा ठेवा जपावयाचा तर त्याचें ओझेंही वांटून घेतलें पाहिजे. आजवर हें शिक्षण मुलींच्याच वाट्यास आलें आणि त्याचा शीणही त्यांच्याच मनगटांनीं सोसला. यापुढें घरांतील मुलांनींही परातीपुढें बसावें, हेंच न्यायाचें होईल. ताजें पीठ, कढत पाणी, तळहाताचा रेटा आणि एका वेळीं एकच गोळा, एवढेंच त्याचें शास्त्र आहे. सरावास मात्र कांहीं महिने द्यावे लागतात, आणि तेवढे दिवस मोडक्या भाकरी कुरकुर न करतां खाणारीं माणसेंही घरांत लागतात.